दाजी आणि सहावा दात

माणूस समोर उभा असताना त्याच्याशी न बोलता त्याच्या तोंडातल्या दातांशी बोलणारा इसम साऱ्या जगात एकच असेल, आणि तो नेमका आमच्या ताईच्या वाट्याला यायचा होता. आमचे दाजी. ताईचे यजमान, सांगलीत लहान मुलांच्या दातांचे डॉक्टर. लग्नाला सतरा वर्षं होऊन गेली, पण मी, त्यांची एकुलती एक मेव्हणी, साताऱ्याच्या शाळेत काय शिकवते हे त्यांना आजही सांगता यायचं नाही. (गणित शिकवते. चौथीला.) माझी खालची डावी अक्कलदाढ आडवी आलेली आहे, हे मात्र ते कुणी न विचारता चारचौघांत सांगतात. माझ्या साखरपुड्यात मी मोठ्या हौसेने होणाऱ्या नवऱ्याशी त्यांची ओळख करून दिली, तर त्याच्या नमस्काराकडे दुर्लक्ष करून त्याच्या तोंडाकडे टक लावून म्हणाले, "झोपंत दात खाता तुमी." बिचारा पांढराफटक पडला. त्याला वाटलं, ह्या लोकांनी माझी केवढी चौकशी केलीय! दाजी मूळचे वडूजकडचे. एवढं शिकले, एवढी वर्षं सांगलीत काढली, पण तिकडची बोली काही सुटली नाही, आणि ती सुटावी असं त्यांना कधी वाटलंही नाही.

ताईला बघायला आले तो दिवस आमच्या माहेरी कोरेगावात अजून लोक काढून काढून सांगतात. आमचे आबा, म्हणजे वडील, उसाचे शेतकरी आणि तोंडाने फटकळ. (मी कुणावर गेलेय ते कळलंच असेल.) मुलगा दातांचा डॉक्टर आहे म्हटल्यावर आबा आदल्या दिवशीच म्हणाले होते, "दात कोरून कुनाचं प्वाट भरलंय व्हय?" तरी पाहुणे आले, पोहे झाले, सगळे जण मुलाने काही तरी विचारावं म्हणून वाट बघत बसले. दाजी ताईच्या तोंडाकडे मान वाकडी करकरून बघत होते. शेवटी विचारलं काय, तर, "तुमी उसाचं कांडं दातानं सोलता का?" ताई म्हणाली, "हो. आणि बाटलीचं बूचही दातानंच काढते." दाजींच्या कपाळाला घाम फुटला. आबांना काही हे सहन होईना. म्हणाले, "आवं पाव्हणं, पोरगी बघायला आलाय का बैल? दात मोजून झालं असतील तर तिचं नाव तरी इचारा." त्यावर हा बाबा गंभीरपणे म्हणतो, "मोजून न्हाई झालं अजून. उजवीकडचं दिसंनात." मी पडद्याआड पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होते. वाटलं, गेलं हे स्थळ. तर ताई आत येऊन म्हणाली, "हाच." मी म्हटलं, "अगं, डोकं फिरलंय का तुझं?" तर म्हणे, बाकीचे सगळे जमीन किती, भाऊ किती हे बघत होते, हा निदान मी हसते कशी ते तरी बघत होता. घ्या! प्रेम आंधळं असतं म्हणतात, ते उगाच नाही.

आता मिशी. ह्या मिशीवर मी आयुष्यभर तोंडसुख घेतलं आहे आणि त्याचा मला पश्चात्ताप... त्याबद्दल पुढे सांगते. मिशा आमच्याकडे फौजेतली माणसंही ठेवतात, पण त्या वर वळलेल्या, रुबाबदार. दाजींची मिशी वरच्या ओठावरून खाली उतरून तोंडाच्या दारावर पडद्यासारखी लोंबते. चहा आधी मिशी पिते, मग दाजी. आमटी-भाताच्या पंगतीला त्यांच्या समोर बसायचं मी केव्हाच सोडलं. लग्नाच्या अल्बममध्ये एकाही फोटोत हा माणूस हसलेला नाही. ताई आपली बत्तिशी दाखवतेय आणि शेजारी नवरदेव कुणाच्या तरी दहाव्याला आल्यासारखा उभा. फोटोग्राफर सांगून सांगून थकला, "डॉक्टर, हसा की जरा." दाजी म्हणाले, "हसतुय की. आतनं." मी तेव्हाच ठरवलं, माणूस माजोरडा आहे. जगाचे दात बघायचे आणि आपला एक दाखवायचा नाही, याला दुसरं काय म्हणतात?

बरं, घरात काय करायचं ते करा म्हणावं, पण हा माणूस लग्नाकार्यात सोडला तर अब्रूचे धिंडवडे काढतो. मोबाईलची बॅटरी लावून मांडवातल्या पोरांना ओळीने उभं करायचं आणि "आ कर" म्हणायचं. लोकांना आधी वाटायचं, मुलांना पोलिओचा डोस चाललाय. माझ्या चुलतबहिणीच्या लग्नात तर कहर केला. कानपिळीची वेळ झाली. नवरीच्या धाकट्या भावाने नवऱ्याचा कान पिळायचा, सगळे जमलेत, नवरदेवाने कान पुढे केलाय, आणि भाऊ कुठे? भाऊ मांडवाच्या खांबाशी दाजींच्या तावडीत, तोंड वासून. भटजी हाका मारताहेत, मुलीचे मामा हाका मारताहेत, आणि दाजी म्हणतात, "जरा थांबा, दाढंला खड्डा हाय. कान काय पळून जातुय व्हय?" नवरदेव बिचारा कान पुढे करून पाच मिनिटं तसाच बसला. घरी आल्यावर मी ताईवर घसरले, तर ती म्हणाली, "काय करू सांग? आपलेच दात नि आपलेच ओठ."

त्यांचा दवाखाना हळदीच्या पेठेमागच्या एका गल्लीत आहे. जिना चढून वर गेलं तरी हळदीचा वास पाठ सोडत नाही. दवाखान्याबाहेर व्हरांड्यात एक लांब बाक, त्यावर आई-बापांनी बसायचं, आणि समोर पाटी: 'पालकांनी इथे गप्प बसावे. दुखते आहे ते मुलाला, तुम्हाला नाही.' अशी पाटी लावून धंदा करणारा माणूस पुण्यात खपला असता, पण सांगलीत! मुलांशी मात्र ह्या गृहस्थांची भाषा लोण्यासारखी. थंड पाण्याची पिचकारी नाही, वाऱ्याचा फवारा नाही. घरून थर्मासमधून कोमट पाणी आणतात आणि दात कापसाने हलकेच टिपतात. राग सगळा आई-बापांसाठी राखून ठेवलेला. एकदा मी तिथे असताना एक बाई म्हणाल्या, "डॉक्टर, हा चॉकलेटं फार खातो हो." दाजी म्हणाले, "व्हय का? मग आनतं कोन? त्यो नोकरीला हाय का?" ती बाई परत कधी आली नसेल असं मी समजत होते. ताई म्हणाली, धाकट्यालाही घेऊन आली.

हे सगळं मी गमतीने सांगत असे, शाळेच्या स्टाफरूममध्ये दाजींच्या नकला करत असे, आणि ते सगळं छान चाललं होतं. मग माझ्या लेकीचे, सईचे, पक्के दात आले.

सई तेव्हा साडेसात वर्षांची, दुसरीत. समोरचे दोन दात मोठे कौतुकाने आले, पण एकावर चांगला डाळीएवढा पिवळा-तपकिरी डाग. मागच्या दाढाही पिवळट. मी काय केलं ते सांगते, कारण सांगितल्याशिवाय गत्यंतर नाही. मी तिला आळशी म्हटलं. ब्रश मागच्या दाढेला लागला की ती ओरडायची, मी म्हणायचे, "नाटकं बंद." थंड पाणी प्यायची नाही, एकाच बाजूने चावायची, मी म्हणायचे, "थेरं आहेत नुसती." एका रविवारी तर मीठ आणि खाण्याचा सोडा घेऊन मी स्वतः तिची हनुवटी धरून तो डाग घासला. ती रडली. मी घासत राहिले. डाग जागचा हलला नाही. त्यानंतर सई हसताना तोंडावर पालथा हात धरायला लागली, आणि मला वाटलं, चला, मुलीला जरा वळण लागलं.

दिवाळीत कोरेगावला सगळे जमलो. दाजींची बॅटरी फिरायला लागली. सईची पाळी आली तशी तिने दोन्ही हातांनी तोंड गच्च झाकलं. जो माणूस नवऱ्याचा कान ताटकळत ठेवतो तो काय सोडणार, म्हणून मी गंमत बघत उभी राहिले. दाजींनी तिच्याकडे बघितलं, बॅटरी बंद केली आणि खिशात टाकली. "ऱ्हाऊ दे बाय. तुला वाटंल तवा." मी खवचटपणे म्हटलं, "काय दाजी, हरलात ना पोरीसमोर!" ते माझ्याकडे जरा बघत राहिले, आणि पहिल्यांदाच तोंडाकडे न बघता डोळ्यांकडे बघितलं. मला ते मुळीच आवडलं नाही.

पुढे फेब्रुवारीत भाकरी खाताना सईच्या खालच्या दाढेचा टवकाच उडाला. मी म्हटलं, दुधाची दाढ आहे, पडणारच आहे, एकदा काढून टाकू आणि रोजची कटकट मिटवू. साताऱ्यातच एका डॉक्टरांकडे संध्याकाळी पाचची वेळ घेतली. त्यांचा जिना चढत होतो एवढ्यात ताईचा फोन, हळदीकुंकवाला कुठली साडी नेसू म्हणून. मी बोलता बोलता सांगितलं, "अगं, सईची दाढ काढायला आलोय, दुधाची. डॉक्टरांच्या जिन्यातच आहे." पलीकडून काही तरी खाली पडल्याचा आवाज आला आणि फोनवर दाजी. सतरा वर्षांत त्यांनी माझ्याशी फोनवर शब्द काढला नव्हता.

"कितवा दात?"

"म्हणजे? मला काय माहीत कितवा! दातांना काय हजेरी नंबर असतात?"

"म्होरल्या दोन दातांच्या मधनं मोज. एका बाजूनं मागं जा. जिन्यात हायस नव्हं? तितंच मोज. सहावा आसंल तर कुनाला हात लावू देऊ नको. सहावा दुधाचा नसतो."

मी चिडले होते, पण त्या आवाजात काही तरी होतं. जिन्यात उजेडाला सईला उभं केलं आणि तिचा ओठ बोटाने खाली केला. "आई, हळू," ती म्हणाली. एक, दोन, तीन, चार, पाच. आणि तो टवका उडालेला सहावा. मी पुन्हा मोजलं. मग दुसऱ्या बाजूने मोजलं. तिथेही पिवळा होता तो सहावाच. वरच्या डॉक्टरांनी कदाचित बघताक्षणी मला नाही म्हणून परत पाठवलं असतं. त्यांचा काही दोष नाही. पण मी काढायचं ठरवून गेले होते. रोज चाळीस मुलांकडून पाढे घोकून घेणारी गणिताची बाई, आणि पोटच्या पोरीच्या तोंडात कधी सहापर्यंत मोजलं नव्हतं. वर जाऊन वेळ रद्द केली आणि दुसऱ्या दिवशी सकाळची एसटी धरली.

सांगलीत दाजींनी मलाही त्या बाकावर बसवलं. मेव्हणीची सवलत नाही. पण आत जायच्या दाराला पडदा आहे आणि मी कुणाची मुलगी आहे हे वर सांगितलंच आहे. उठले आणि फटीतून बघत उभी राहिले.

सई खुर्चीत, तोंडावर दोन्ही हात. दाजी स्टुलावर. मग दाजींनी तोंडावरचा मास्क काढला, दात बघायचा तो छोटा आरसा तिच्या हातात दिला आणि म्हणाले, "आज डाक्टर तू. आदी मला तपास." आणि ती मिशी, जिच्यावर मी सतरा वर्षं विनोद केले, ती दोन बोटांनी पडदा सारावा तशी वर उचलली.

समोरच्या दातावर डाग होता. सईच्यापेक्षा मोठा, गुळासारखा तपकिरी.

सई खुर्चीतून पुढे सरकली. "काका, तुमचा पण?"

"व्हय. आता मागं मोज."

तिने मोजलं. मोठ्याने. पाचवर थांबली. "काका, इथे दातच नाही."

"सहावा ना? आठ वर्साचा हुतो. दुखायचा लय. बा मला सायकलवर बसवून वडूजच्या बाजारात घेऊन गेला. दुधाचाच हाय, पडणारच हाय, म्हनला, आन टाकला काढून."

"मग नवीन कधी आला?"

"लय वाट बघितली," दाजी म्हणाले. "रोज सकाळी उठलो की जीभ लावून बघायचो. न्हाई आला."

सईने आरसा खाली केला. मग अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मला वर्गात मक्याचं कणीस म्हणतात. आईला नका सांगू हं. ती वर्गात येऊन ओरडेल."

माझीच शाळा. माझ्या वर्गाच्या दोन मजले खाली तिचा वर्ग. मी बाकावर येऊन बसले आणि पाटीत लिहिलं होतं तशी गप्प बसले. दुखत होतं ते मात्र मला.

थोड्या वेळाने आतून हसण्याचा आवाज आला. सईचा. पुन्हा जाऊन बघितलं तर हात मांडीवर होते आणि तोंड उघडं.

नंतर दाजींनी मला आत बोलावलं आणि मला वाटलं, आता बोलणी बसणार. बसायलाच हवी होती. पण ते म्हणाले, "ह्यो सहावा दात लय गरीब पाव्हणा. सा वर्साचं झालं की मागल्या दारानं गुपचूप येतो. म्होरचा कुनी पडत न्हाई, हलत न्हाई, म्हनून घरात कुनाला पत्ता नसतो. हिचा आतच कच्चा ऱ्हायला. गिलावा केला आन पानी मारलं न्हाई की भिंत कशी भुसभुशीत ऱ्हाते? तसं. ही तान्ही हुती तवाच ते झालं. कशानं, ते नक्की कुनालाच ठावं न्हाई. पर आळसानं न्हाई, आन घासून ते जायचं न्हाई. वारा लागला तरी कळ जाते ह्या दाताला. मिठानं घासलंस, व्हय?" मी मान हलवली. "मग आता पोरीची माफी माग," ते म्हणाले, आणि हात धुवायला निघून गेले.

मी माफी मागितली. सईने लगेच दिली. मुलं असल्या बाबतीत फार उदार असतात.

आठवडाभर सांगलीत राहिलो. पहिल्या दिवशी दाजींनी दाढांना कसला तरी लेप लावला आणि फुटक्या दाढेच्या दोन्ही बाजूंना छोट्या रबरी कड्या अडकवल्या, जागा व्हावी म्हणून. तीन दिवसांनी त्या काढल्या आणि दाढेवर स्टीलची टोपी ठेवली. सुई नाही, मशीनची घरघर नाही. "चाव," म्हणाले. "जोरात. आईचा राग आल्यावानी चाव." सई चावली. टोपी बसली. त्या संध्याकाळी तिने दोन्ही बाजूंनी भाकरी खाल्ली आणि घटाघटा माठातलं पाणी प्यायली, आणि ताईच्या स्वयंपाकघरात ते बघत असताना मला रडू आवरेना. समोरच्या डागावर पुढे दोन-तीन वेळा काम केलं. तो फिका झाला, पुरता गेला नाही. पुरता जाईल असं दाजी कधी म्हणालेही नव्हते. साताऱ्यात परतल्यावर सईने साऱ्या वर्गाला चांदीची दाढ दाखवली, आणि मक्याचं कणीस म्हणणारा पोरगा म्हणे घरी जाऊन तसलीच पाहिजे म्हणून रडला.

मी दाजींना एकदा विचारलंच. "इतक्यांचे दात नीट करता, तुमचा स्वतःचा डाग का नाही फिका करून घेतला? दोन-तीन खेपांचं तर काम." म्हणाले, "मग पोरांना काय दाखवू? डिग्री?" मी म्हटलं, "मग मिशीत का लपवता?" यावर दाजींनी मिशी कुरवाळली. "मोठ्या मानसांचं काय खरं न्हाई गं," म्हणाले, "ती हसत्यात." आता यावर मी, जन्मभर त्यांना हसलेली बाई, काय बोलणार होते? दातखीळ बसली माझी.

बाकी म्हणाल तर माणूस सुधारलेला नाही. परवा माझ्या मुख्याध्यापकांना भेटले, तर नमस्काराच्या ऐवजी "कवळी घट्ट हुतीया का?" मिशी अजूनही चहा पिते. मीही नकला सोडलेल्या नाहीत.

गेल्या महिन्यात कोरेगावला आबांची पंच्याहत्तरी झाली. सगळ्यांचा एकत्र फोटो काढायचा होता. दाजी नेहमीसारखे मागच्या रांगेत, चेहरा दहाव्याचा. फोटोग्राफर म्हणाला, "मागचे काका, हसा की." दाजी म्हणाले, "हसतुय की. आतनं." तशी सई पुढच्या रांगेतून उठली, मागे जाऊन खुर्चीवर चढली आणि दोन बोटांनी तिने काकांची मिशी वर धरली. "आतनं नाही काका. बाहेरनं." दाजी दचकले, आणि मग हसले. तेवढ्यात फोटो निघाला.

तो फोटो आमच्या हॉलमध्ये लावलाय. त्यात सई तोंडभर हसतेय, ताई तिच्या जुन्या बत्तिशीने हसतेय, आणि दाजी पन्नाशी उलटल्यावर पहिल्यांदा, डागासकट. येणारे-जाणारे विचारतात, हे मिशीवाले कोण? मी सांगते, आमचे दाजी, महाविक्षिप्त माणूस, लांब राहा. आणि मग कधी कधी एकटी असले की त्या फोटोपुढे उभी राहते, आणि मला ते मिशीवाले दाजी दिसत नाहीत. आठ वर्षांचं एक पोर दिसतं, रोज सकाळी जीभ लावून बघणारं. त्या बाजारात त्याच्याजवळ कुणी एक जण उभं राहायला हवं होतं. फार शिकलेलं नको. सहापर्यंतच तर मोजायचं होतं.